शिवाजी पार्कात रोज हळू धावायला कुठले बूट घ्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 41, राहायला माहीम. आठवड्यातून चार दिवस पहाटे शिवाजी पार्काभोवती चार-पाच किलोमीटर, गप्पा मारता येतील अशा वेगाने धावणं. गेले काही महिने तिसऱ्या किलोमीटरनंतर उजव्या पायाची बोटं बधिर होतात; घरी येऊन बूट काढला की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. दुकानात मशीनवर उभं करून "तुमचा पाय आत पडतो" असं सांगितलं आणि चौदा हजारांचा बूट पुढे केला. घ्यावा का? नाही तर कुठला घ्यावा?

ताई, तो बूट सध्या दुकानातच राहू द्या. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती मशीनने दिलेली नाही, तुम्हीच दिली आहे: त्रास तिसऱ्या किलोमीटरनंतर सुरू होतो आणि बूट काढला की जातो. म्हणजे पाय तापला, जरासा फुगला, की बुटात त्याला जागा उरत नाही. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात आणि मुंग्या येतात. असा बूट चावत नाही, फोडही आणत नाही, म्हणून तो लहान पडतोय हे महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. लोक समजतात सोल कडक झालं, आणि आणखी मऊ सोलाचा, पण तितकाच अरुंद बूट घेऊन येतात.

मी गेली सोळा वर्षं दादर-वरळी भागात धावायला शिकवते. बधिर बोटांची तक्रार आली की पहिल्यांदा जे करायला सांगते ते तुम्ही आज घरीच करून बघा. बुटातला इनसोल, म्हणजे पायाखालची सुटी गादी, बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि धावताना घालता तोच मोजा घालून त्यावर उभ्या राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं. आता खाली बघा. अंगठ्याच्या किंवा लांब बोटाच्या पुढे बोटभर इनसोल दिसायला हवा. आणि करंगळी, तिच्या बुडाशी असलेला पायाचा रुंद भाग, हे सगळं इनसोलच्या कडेच्या आत हवं. मागच्या महिन्यात गटातल्या एका काकूंचा इनसोल असाच काढला. त्यावर चार बोटांचे काळपट ठसे गोल उमटले होते, पाचवा ठसाच नव्हता. करंगळीच्या जागी कापड घासून गुळगुळीत झालेलं आणि बुटाच्या आतल्या जाळीला त्याच जागी भोक पडायला आलेलं. करंगळी सहा महिने इनसोलवर नव्हतीच, ती भिंतीवर चढून बसली होती. त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही.

तुमचा त्रास एकाच पायाला आहे, त्याचंही कारण बहुधा साधं असेल. आपले दोन पाय सहसा एका मापाचे नसतात. एखादा तीन-चार मिलिमीटर लांब किंवा जरा पसरट असतो, आणि आपण दुकानात जो पाय पुढे करू त्याच्या मापाचा जोड घेऊन येतो. म्हणून दोन्ही पाय मोजा. संध्याकाळी मोजा, सकाळी नाही. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणालातरी सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना खूण करायला सांगायची. वाकून स्वतः खूण केली की वजन सरकतं आणि माप चुकतं. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि लांबीला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची. आपल्याकडे खोक्यावर जो यूके नंबर असतो त्यात एक नंबर म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरहून किंचित जास्त. तेव्हा "अर्ध्या नंबराने काय होतंय" असं म्हणू नका, तुमचा बधिरपणा कदाचित त्या चार मिलिमीटरमध्येच आहे.

लांबीचा धडा मी स्वतः घेतला आहे. पहिल्या अर्ध्या मॅरेथॉनची तयारी चालली होती तेव्हा सकाळी अकराला दुकान उघडल्या उघडल्या बूट घेतला, अगदी हातमोज्यासारखा बसला म्हणून खूश होते. वरळी सी फेसपासून नरिमन पॉइंटपर्यंत धावले आणि परत यायला टॅक्सी करावी लागली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली. नवीन नखं पूर्ण यायला वर्ष गेलं. चपलेचं माप आणि धावायच्या बुटाचं माप एक नसतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून मी प्रत्येकाला सांगते.

रुंदी हा आपल्या बायकांचा आणखी वेगळा प्रश्न आहे. बायकांचे बूट मुळातच अरुंद साच्यावर बेतलेले असतात. पाश्चात्त्य मापांत पुरुषांची नेहमीची रुंदी 'डी' आणि बायकांची 'बी'. बायकांच्या बुटावर 'डी' लिहिलं असेल तर तो रुंद समजायचा, पुरुषांच्या बाबतीत रुंद म्हणजे '2ई'. न्यू बॅलन्स, ब्रूक्स, एसिक्स ही मंडळी काही मॉडेल रुंद मापात काढतात, पण दुकानात तो माल हवा तेव्हा असतोच असं नाही, विचारावं लागतं. नसेल तर बिनदिक्कत पुरुषांचं मॉडेल घालून बघा. नंबरावर जाऊ नका, जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असतो तो जुळवा. आयुष्यभर चपला घालून मोकळा वाढलेला पाय पसरट असतो, त्यात पायाचा काही दोष नाही.

पैसे खर्च करण्याआधी जुन्याच बुटावर एक उपाय करून बघा. नाडी पूर्ण सोडा आणि पुन्हा ओवा, पण चवड्याच्या जवळच्या पहिल्या दोन भोकांच्या जोड्यांमध्ये ती आडवी नेऊ नका. प्रत्येक बाजूने सरळ वर चढवा आणि मग पुढे नेहमीसारखी फुली घाला. पायाच्या रुंद भागावरचा दाब बराच हलका होतो. टाच सुटायला लागली तर घोट्याजवळचं शेवटचं रिकामं भोक वापरा: नाडी त्याच बाजूच्या भोकातून आत घालून छोटा फासा ठेवा, समोरची नाडी त्या फाशातून काढा आणि मग गाठ मारा. टाच पक्की, पंजा मोकळा. तीन-चार दिवस असं धावून बघा. बधिरपणा पूर्ण गेला तर नवा बूट घ्यायची घाई नाही. कमी झाला पण गेला नाही, तर कारण कळलं.

आता ते मशीन. पाय टेकताना बाहेरच्या कडेवर टेकतो आणि मग आतल्या बाजूला थोडा कलतो. हे सगळ्यांचंच होतं, त्यानेच तर आघात पसरतो. याला प्रोनेशन म्हणतात आणि तो आजार नाही. पायाची कमान बघून बुटाचा प्रकार ठरवायचा, ही पद्धत अनेक वर्षं शास्त्र म्हणून विकली गेली. अमेरिकेच्या लष्करी प्रशिक्षणात हजारो नव्या जवानांवर ती तपासली. एका गटाला कमानीप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटाला कमान कशीही असो, एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांचा पाय खरोखर खूप आत कलतो आणि ज्यांना आतल्या बाजूने आधार दिलेला बूट घातल्यावर बरं वाटतं, त्यांनी तो जरूर घालावा. माझ्या गटातही तसे आहेत. पण तुम्हाला नडगीचा, गुडघ्याचा, घोट्याच्या आतल्या बाजूचा काहीच त्रास नसताना केवळ चित्र बघून चौदा हजार द्यायचे, हे मला पटत नाही. तुमच्या तक्रारीशी त्या आधाराचा संबंधच नाही.

मग कशावर विश्वास ठेवायचा? तुमच्या पायावर. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आयुष्यभर धावण्याच्या बुटांवर संशोधन करत आले, आणि 2015 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जे मांडलं त्याचा मथितार्थ असा की धावणाऱ्याला जो बूट घातल्याबरोबर सुखाचा वाटतो तोच त्याच्या चालीला मानवणारा असण्याची शक्यता जास्त, आणि त्यातच दुखापतीचा धोका कमी. त्यांनी याला 'कम्फर्ट फिल्टर' असं नाव दिलं. मी हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं, कारण मैदानावर वर्षानुवर्षं मी तेच बघत होते. ज्यांनी जाहिरात बघून बूट घेतला ते तक्रारी घेऊन येतात. ज्यांनी चार जोड घालून, धावून, एक उचलला ते येत नाहीत.

अट एवढीच की सुख म्हणजे दुकानाच्या गालिच्यावर उभं राहून वाटलेला मऊपणा नव्हे. म्हणून दुकानात संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून झाल्यावर, आणि आपलेच मोजे व जुना बूट घेऊन जा. किंमत आधी विचारू नका, शक्यतो रंगही बघू नका. दोन्ही पायांत घाला, नाडी बांधा, उभ्या राहा. अंगठ्यापुढे बोट दाबून जागा बघा. मग धावा. होय, दुकानातच किंवा बाहेरच्या मोकळ्या जागेत, तुमच्या रोजच्या हळू वेगाने, निदान दोन-तीन मिनिटं. चांगलं दुकान याला नाही म्हणत नाही. नाही म्हणालं तर दुसरीकडे जा. धावताना लक्ष तीन ठिकाणी: टाच मागे वर-खाली सरकतेय का, बोटांना पसरायला जागा आहे का, आणि कमानीखाली काही टोचतंय का. आतून हात फिरवून शिवण किंवा चिकटवलेल्या पट्टीची कड लागते का तेही बघा, कारण मुंबईच्या घामाने भिजलेल्या पायाला तेवढी कडही कापते. "दोन आठवड्यांत सैल होईल" असं कुणी म्हणालं तर तो बूट खाली ठेवा. नव्या बुटाचं कापड किंचित ढिलं पडतं, पण साचा रुंद होत नाही.

एक युक्ती मी नेहमी करायला लावते: दोन पसंत पडलेल्या मॉडेलांपैकी एक डाव्या पायात, दुसरं उजव्या पायात घालून धावा, मग अदलाबदल करा. शब्दांत सांगता येत नाही तो फरक पाय लगेच सांगतो.

सोलाच्या फोमची चर्चा हल्ली फार वाढली आहे, पण हळू धावण्यासाठी त्यातलं थोडंच कामाचं आहे. कार्बनची पट्टी असलेले बूट तुम्हाला नकोत. ते शर्यतीच्या वेगासाठी आहेत. हळू वेगात ताठ वाटतात, काहींत घोटा डळमळतो, आणि पैशांच्या मानाने लवकर संपतात. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की तसले बूट बघून पुष्कळ जण रोजच्या सरावासाठी तेच घेतात, मला वाईट वाटतं. मऊ सोल घ्यावं की कडक, यावर मात्र एक उपयोगी अभ्यास आहे. लक्झेंबर्गमध्ये 848 हौशी धावणाऱ्यांना दिसायला सारखेच, पण आतून मऊ किंवा कडक बूट दिले. 2020 साली निष्कर्ष छापून आले. कडक बूटवाल्यांना दुखापती जास्त झाल्या, आणि मऊ सोलाचा फायदा प्रामुख्याने हलक्या वजनाच्या लोकांत दिसला. दुकानात बरोबर उलट सांगतात, की जाड माणसालाच मऊ बूट लागतो. तेव्हा बेताचा मऊ बूट घ्या, ज्यात चवडा टेकवल्यावर पाय बुडाल्यासारखा वाटणार नाही आणि एका पायावर उभं राहिलं तर तोल जाणार नाही.

टाचेची आणि चवड्याची उंची यांतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो आत्ताच्या बुटाच्या जवळपासच ठेवा. बहुतेक रोजच्या बुटांत तो 8 ते 10 मिलिमीटर असतो. एकदम शून्यावर उतरलात तर पोटरी आणि टाचेमागची शीर तक्रार करतील. खूप वर गेलात तर भार गुडघ्याकडे सरकतो. वजन अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या आत असलं की पुरे, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. माझ्या गटातल्या बहुतेकांचे रोजचे बूट पाच ते नऊ हजारांतले आहेत. नवीन आवृत्ती आली की मागच्या वर्षीचं तेच मॉडेल बऱ्यापैकी स्वस्त होतं; पायाला मानवत असेल तर तेच घ्यावं. फर्स्ट कॉपी मात्र चालायलासुद्धा घेऊ नका. वरून हुबेहूब दिसते, आत फोमच्या जागी काय असतं ते महिन्याभरात गुडघ्याला कळतं.

मुंबईपुरतं वेगळं सांगायचं तर खालची जमीन आणि पाऊस. शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवतीची फेरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे तुमच्या चार फेऱ्या होत असतील. ती फेरी कडक जमिनीवरची. जमेल तेव्हा एखादी फेरी आतल्या मातीत मारा, पायांना तेवढाच बदल. रस्त्यावर धावत असाल तर रस्ता कडेला उतरता असतो, रोज एकाच बाजूने धावलं की एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. दिशा बदलत राहा.

जून ते सप्टेंबर पेव्हर ब्लॉकवर हिरवं शेवाळ धरतं आणि त्यावरून भलेभले घसरतात. बूट उलटा करून बघा: तळाला चवड्याखाली आणि टाचेखाली खरं रबर हवं, नुसता उघडा फोम नको. उघडा फोम ओल्या लादीवर फार लवकर गुळगुळीत होतो. वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यासाठी घ्यायचा मोह टाळा. आपल्याकडचं पाणी घोट्यावरून, मोज्यातून आत जातं, आणि मग त्या बुटातून बाहेर पडायला वाट नसते. पायाचं लोणचं होतं. पातळ जाळीचा, पाणी सोडणारा बूट बरा. मोजे सुती नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि मग फोड ठरलेला. साचलेल्या पाण्यातून धावू नका, पायाला फोड किंवा चीर असताना तर नाहीच, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते.

भिजलेला बूट घरी आला की इनसोल बाहेर काढा, नाड्या सैल करा, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे पार टोकापर्यंत कोंबा आणि दोन तासांनी बदला. मग पंख्याखाली आडवा ठेवा. कडक ऊन, गॅसची शेगडी, हेअर ड्रायर यांपासून लांब, उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आखडतो. जुलैतल्या हवेत बूट एका रात्रीत वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात दुसरा जोड असणं ही चैन नाही. लक्झेंबर्गच्याच आणखी एका पाहणीत आलटून पालटून एकाहून जास्त जोड वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचं दिसलं होतं. सध्याचा जोड नाड्या बदलून निभावला, तर तोच पावसाळी म्हणून ठेवा.

आणि धावायचा बूट फक्त धावायला. तो घालून दादर स्टेशनच्या पुलावर चढणं-उतरणं, लोकलमध्ये तासभर उभं राहणं, त्यातच दिवसभर ऑफिस, हे केलं की फोम दबतो आणि किलोमीटरचा हिशेबही राहत नाही. नीट वापरला तर एक जोड 500 ते 800 किलोमीटर जातो. तुमचं आठवड्याचं अठरा-वीस किलोमीटर धरलं तर सहा महिने तरी कुठे गेले नाहीत, बऱ्याचदा नऊ-दहा महिनेही निघतात. तळाच्या रबराकडे बघून ठरवू नका, रबर शाबूत असताना फोम मेलेला असतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एका अंगाला झुकला असेल, फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या पडल्या असतील, किंवा नेहमीच्याच धावण्यानंतर नडगी आणि पोटरी उगाच दुखायला लागली असेल, तर बदला.

नवीन बूट घेतल्यावर पहिले दोन दिवस घरातच घाला, खोका आणि बिल टाकू नका. मग दोन फेऱ्या, मग चार. चवड्याला जागा मिळूनही दोन-तीन आठवड्यांत मुंग्या थांबल्या नाहीत, किंवा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधे बुटात खडा असल्यासारखं टोचायला लागलं, वीज गेल्यासारखी कळ आली, तर तिथली नस जाड झालेली असू शकते. मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात त्याला. तेव्हा दुसरा बूट शोधत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला पाय दाखवा, आणि जुना बूट इनसोलसकट पिशवीत घालून बरोबर न्या.